मांजिओकाचे बोलिन्यो : चार घाण्यांची नोंद

साओ पाउलोतील आमच्या गल्लीत दर गुरुवारी सकाळी फेइरा, म्हणजे रस्त्यावरचा आठवडी बाजार भरतो. तिथे एका विक्रेत्याकडे सोललेल्या मांजिओकाचे पांढरेशुभ्र तुकडे पाणी भरलेल्या पिशव्यांतून मिळतात. ज्या कंदाच्या सत्त्वापासून आपला साबुदाणा तयार होतो तो हाच कसावा; रिओकडे त्याला आइपिं म्हणतात आणि ईशान्य ब्राझीलमध्ये माकाशेइरा. तो उकडून, कुस्करून, आत सारण भरून तळलेले छोटे गोळे म्हणजे बोलिन्यो, आणि ते इथल्या बोतेकोंमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या साध्या बारमध्ये, थंड बिअरबरोबर खातात. गेल्या दोन महिन्यांत मी ते घरी चार वेळा केले. तेलात जे बिघडते त्याचे मूळ बहुतेक वेळा उकडण्याच्या पातेल्यात असते, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

पहिल्या घाण्याला एक किलो तुकडे भरपूर पाणी घालून कुकरमध्ये शिजवले आणि वेळ वाचावा म्हणून गरम असतानाच मिक्सरमधून फिरवले. दोन मिनिटांत त्याची खळ झाली. कसाव्याच्या पेशींत स्टार्च ठासून भरलेला असतो. पाते फिरले की शिजलेल्या पेशी फुटून तो बाहेर येतो आणि सगळा लगदा रबरासारखा ताणू लागतो. तो हाताला तेल लावूनही वळता येईना. जे चार-पाच गोळे कसेबसे वळले ते कढईत पडताच उकलले.

दुसऱ्या वेळी मिक्सर टाळला, पण लगदा पाणचट होता म्हणून त्यात वाटीभर मैदा घातला. गोळे छान वळले, तळतानाही अखंड राहिले. मात्र खाताना मांजिओकाची मूळची गोडसर, किंचित लोण्यासारखी चव मैद्याखाली दबून गेली होती आणि निवल्यावर पारी चामट झाली. कंदात स्वतःचाच स्टार्च इतका असताना बाहेरचे पीठ कशाला, हा प्रश्न तिथे पडला, आणि खरा दोष पाण्याचा आहे हे लक्षात आले.

तिसऱ्या घाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण गाडी इथे रुळावर आली. या वेळी पिशवीतले तुकडे न घेता सालीसकट कंद घेतले आणि विक्रेत्याला एक मोडून दाखवायला सांगितले. मोडलेली बाजू एकसारखी पांढरी किंवा फिकट पिवळी हवी. त्यात निळसर-काळ्या रेघा दिसल्या तर कंद शिळा समजावा. जमिनीतून काढल्यावर कसावा दोन-तीन दिवसांतच असा आतून काळवंडू लागतो, म्हणूनच इथले लोक तो ताजा किंवा गोठवलेला घेतात. बाहेरची तपकिरी साल आणि तिच्याखालची जाड गुलाबी-पांढरी साल अशा दोन्ही काढाव्या लागतात. सुरीने उभी चीर दिली की ती अंगठ्याने पट्टीसारखी निघते.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगणे आवश्यक आहे. कच्च्या कसाव्यात सायनाइड सुटू शकेल अशी द्रव्ये असतात. बाजारात स्वयंपाकासाठी मिळतो तो गोडा प्रकार असून त्यात त्यांचे प्रमाण कमी असते; कडू प्रकार किसून, पिळून आणि भाजून त्याचे फारिन्या नावाचे कोरडे पीठ करतात. तरी गोडा कंदसुद्धा कच्चा कधीही चाखू नये, तो पूर्ण शिजवावा आणि उकडलेले पाणी टाकून द्यावे.

शिजवण्यासाठी या वेळी उघडे पातेले घेतले. शेजारच्या आजींनी सांगितल्याप्रमाणे पाणी खळखळत असताना मध्येच पेलाभर गार पाणी ओतले. त्या याला मांजिओकाला दचकवणे म्हणतात, आणि त्याने तो लवकर उकलतो असा इथे अनेकांचा अनुभव आहे. सुमारे 30 मिनिटांनी तुकड्यांना उभ्या भेगा पडून कडा कापसासारख्या पिसारल्या. हीच शिजल्याची खूण. पाणी निथळून तुकडे त्याच रिकाम्या पातेल्यात मंद आचेवर चार मिनिटे हलवत ठेवले, तेव्हा वाफेचा लोट निघून गेला आणि पृष्ठभाग पिठूळ दिसू लागला. मधला लाकडासारखा दोरा ओढून काढला आणि गरम असतानाच सगळे पुण्याहून आणलेल्या पुरणयंत्रातून एकदाच काढले. पुरणयंत्र लगदा दाबून खाली सोडते, मिक्सरसारखे पेशींना चिरत नाही. बहुधा म्हणूनच लगदा मोकळा, मऊ आणि तरीही मुठीत धरला की आकार घेणारा झाला. त्यात एक अंड्याचा पिवळा बलक, चमचाभर लोणी, मीठ, बारीक चिरलेली पार्सली आणि कांद्याची पात एवढेच घातले. मैदा शून्य.

सारणाची रूढ पद्धत कार्नि सेकाची, म्हणजे खारवून वाळवलेल्या गोमांसाची आहे. ते रात्रभर पाणी बदलत भिजवून, शिजवून, दोरे सोडवून कांदा-लसणात परततात. आमच्या घरी गोमांस खात नाहीत, म्हणून मी चीज भरतो. तिसऱ्या घाण्यात मोझरेला वापरले आणि ते वितळून तीन गोळे फुटले. चौथ्या घाण्यात केजू क्वाल्यू घेतले. हे ईशान्येकडचे चीज तापल्यावर वितळून वाहत नाही, फक्त मऊ पडते, आणि चावताना दातांखाली किंचित करकरते. एका गोळ्याला 25 ग्रॅम पारी आणि त्यात एक सेंटीमीटरचा चौकोन असे प्रमाण बसले. मोदकासारखी वाटी करून तोंड नीट मिटवावे, कारण फट राहिली की तेल आत शिरते. तासभर फ्रिजमध्ये ठेवलेले गोळे 180 अंशांच्या तेलात एका वेळी सहाच सोडले. आठ सोडले तेव्हा थर्मामीटर 155 पर्यंत उतरला आणि त्यांनी तेल ओढले.

चौथ्या घाण्यातल्या 38 गोळ्यांपैकी एकही फुटला नाही. कवच पातळ आणि कुरकुरीत झाले, आतला भाग उकडीसारखा मऊ राहिला. बारा गोळे न तळता गोठवून ठेवले आहेत. त्यांपैकी दोन काल फ्रीझरमधून थेट तेलात टाकले, तर बाहेरून सोनेरी झाले पण मधोमध गार राहिले. उरलेल्या दहांवर 160 अंशांत आधी सावकाश आणि मग 185 ला झटपट, असे दोन टप्पे करून पाहणार आहे.