तीन डॅक, एक तंबोरा आणि 180 व्होल्ट

मे महिन्यात माझं साउंडचं काम बहुतेक मंडपातलं. कुडाळ-मालवण पट्ट्यातली लग्नं, वाडीवरच्या सत्यनारायणाच्या पूजा, पावसाआधीचे दशावताराचे शेवटचे प्रयोग. त्यामुळे आचऱ्याच्या वकीलकाकांचा फोन आला, "घरी तीन डॅक आलेत, एक ठेवायचाय, तू येऊन नीट लावून दे," तेव्हा मी खूश झालो. एक दिवस शांत खोलीत बसून ऐकायचं काम, तेही पैसे घेऊन.

डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा डबा. सीडीवर गाणं नसतं, आकडे असतात. सेकंदाला 44,100, प्रत्येक आकडा 16 बिटांचा, डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे. त्यांचं पुन्हा व्होल्टेज करायचं, मग ते अँप्लिफायरला द्यायचं. मोबाईलमध्येही हेच काम करणारी बारीकशी चिप असते. काकांच्या टेबलावरच्या डब्यांतला सगळ्यात स्वस्त मात्र लाखाच्या वरचा होता. वकिलीतून निवृत्त झालेल्या माणसाला हौस असावी, पण मुंबईच्या दुकानदाराने आठवडाभरासाठी घरी ऐकायला दिले होते म्हणून बरं.

तिन्ही डब्यांची जात वेगळी. पहिला आर-टू-आर, म्हणजे रेझिस्टरची शिडी. तत्त्व सोपं, करणं महाकठीण: 16 बिट खरोखर मिळवायचे तर शिडीच्या वरच्या पायऱ्या साधारण पासष्ट हजारांत एका भागाइतक्या नेमक्या जुळाव्या लागतात. हा डबा ओव्हरसॅम्पलिंग (दोन आकड्यांच्या मधे हिशेबाने आणखी आकडे भरणं) न करता चालवायची सोय होती, आणि दुकानदाराने तसाच लावून दिला होता. शिवाय आत भलामोठा टोरॉइडल, म्हणजे कड्यासारखा गोल, ट्रान्सफॉर्मर. टेबलावर चढवायला पुतण्याची मदत घ्यावी लागली. दुसरा ईएसएस कंपनीच्या चिपचा डेल्टा-सिग्मा, म्हणजे थोड्या बिटांचे आकडे प्रचंड वेगाने काढून मग गाळून घेणारा. आजकाल घरात येणारे बहुतेक डबे याच जातीचे. 2020 च्या ऑक्टोबरात जपानमधल्या नोबेओकाला एकेएम या दुसऱ्या कंपनीचा चिपचा कारखाना जळाला, तेव्हा बऱ्याच कंपन्यांना रातोरात डिझाइन बदलावं लागलं आणि कितीतरी डब्यांत ईएसएसच्या चिपा आल्या. तिसऱ्यात तयार डॅक-चिपच नव्हती. एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी आपल्याला हवी तशी लिहिता येते अशा चिपवर, कंपनीने स्वतःचा फिल्टर लिहिलेला.

काकांनी माझ्याआधीच ऐकून निकाल लावला होता. "तिसरा. आवाज कसा मोकळा येतो बघ. गाणारा समोर बसलाय." झोपाळ्यावर त्यांची थोरली बहीण बसली होती. तिला सगळं गाव आत्या म्हणतं. वयाची पंच्याहत्तरी उलटून गेली, पण रोज सकाळी तंबोरा लावून बसते. ती तिथूनच म्हणाली, "ह्यो मोठ्यान वाजता, म्हणान तुका गोड लागता."

मी मीटर काढला. माझा मीटर स्वस्तातला, 1,000 हर्ट्झला एसी व्होल्टेज खरं दाखवेल याची खात्री नाही, म्हणून 400 हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजलं. पहिले दोन डबे सारखे, तिसरा सव्वापट. म्हणजे जवळजवळ 2 डेसिबल जास्त. एवढा फरक बहुतेकदा कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही. तो 'मोकळा', 'जिवंत', 'समोर बसलाय' असा कळतो. डॅकचं बाहेर येणारं व्होल्टेज सगळ्या कंपन्यांचं एकसारखं नसतं, 2 व्होल्ट हा नुसता रिवाज आहे. दुकानात डबे बदलून ऐकवतात तेव्हा हे कुणी जुळवत नाही, आणि लाखोंचे सौदे होतात. आत्याला मीटर लागला नाही, हे मात्र मी अजून लोकांना सांगतो.

माझ्याकडे मंडपाच्या कामासाठी केलेला एक बदलबॉक्स आहे: तीन इनपुट, एक फिरता स्विच, आत प्रत्येक इनपुटला ट्रिमपॉट, म्हणजे पातळी कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू. तिन्हींची पातळी एका टक्क्याच्या आत आणली. मग बॉक्स घेऊन मी पडवीत बसलो, वायर खिडकीतून आत. कोणता डबा कधी लावायचा ते पत्त्यांच्या कॅटमधून पानं काढून ठरवलं. काका, आत्या आणि पुण्याला इंजिनीअरिंगला असलेला पुतण्या आत माजघरात, हातात कागद.

जुन्या नाट्यसंगीताच्या सीडीवर काकांच्या कागदावरचे अंदाज नुसते हवेत. बरोबर आले तेवढेच चुकलेही. पुतण्याने मात्र बहुतेक वेळा पहिला डबा अचूक ओळखला. त्याच्यापुढे त्याने लिहिलं होतं, 'थोडा झाकलेला'. दुसरा आणि तिसरा त्यालाही वेगळे करता आले नाहीत. आत्याने कागद कोराच परत दिला. "माका तिनय सारखेच."

पुतण्याच्या 'झाकलेला'ला कारण होतं. ओव्हरसॅम्पलिंग नसलेला डॅक एक आकडा आला की पुढचा येईपर्यंत तेच व्होल्टेज धरून बसतो. त्या पायऱ्यांमुळे वरच्या पट्टीतला आवाज आपोआप उतरतो: सीडीच्या बाबतीत 10,000 हर्ट्झला पाऊण डेसिबल, 20,000 ला 3 डेसिबलच्याही वर. विशीतल्या कानाला हे जाणवू शकतं, काकांच्या वयात ते वरचे सूर कानापर्यंत पोचतच नाहीत. गंमत म्हणजे याच डब्याची जाहिरात 'नैसर्गिक आवाज' म्हणून होते. खरखरीत जुनी सीडी ऐकताना तो सुखाचा वाटतो, यात शंका नाही. सुख वेगळं आणि खरेपणा वेगळा, एवढंच माझं म्हणणं.

मग काकांनी वकिली मुद्दा काढला. "नैसर्गिक कशाच्या मानाने? मूळ गाणं आपण कुठे ऐकलंय?" मुद्दा बरोबर होता, आणि मूळ तर घरातच होतं. आत्याचा मिरजेचा तंबोरा.

आदल्या संध्याकाळी सामान टाकायला गेलो तेव्हाच मी तो 96 किलोहर्ट्झ (सेकंदाला 96,000 आकडे), 24 बिटवर रेकॉर्ड करून ठेवला होता. मुद्दाम पडवीत, माईक तारा टेकतात त्या घोडीपासून हातभर अंतरावर. माजघरात केलं असतं तर खोलीचा घुमारा एकदा रेकॉर्डिंगमध्ये आणि पुन्हा वाजवताना असा दोनदा आला असता, आणि दोष डॅकच्या माथी गेला असता. तंबोरा या कामाला फार चांगला. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो; तो केसभर सरकला की जवारी, म्हणजे तारेचा झणकार, उघडते किंवा मिटते, आणि वरच्या स्वरांशांचा सगळा झगमगाट त्याच्यावर असतो. वरची पट्टी कुठे उतरली तर जवारी मेल्यासारखी लागते.

आत्या दोन स्पीकरच्या मधे तंबोरा घेऊन बसली. थोडा वेळ ती छेडायची, ती थांबली की मी डबा लावायचो. या वेळी पुतण्यालाही पहिला डबा ओळखता येईना. तो वैतागला, पण हिशेब सरळ आहे: 96 किलोहर्ट्झच्या फाईलला पायऱ्या दुपटीहून दाट, त्यामुळे तोच डबा 20,000 हर्ट्झलाही जेमतेम 0.6 डेसिबल उतरतो. सकाळी जो 'झाकलेला' होता तो दुपारी उघडा झाला, डब्यातलं काहीही न बदलता.

फरक फक्त आत्याला ऐकू आला. तिने हात थांबवला, डोकं तिरकं करून स्पीकरकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्या तंबोऱ्याचो पंचम उतरलो हा. तुझ्या डब्यातलो बरोबर आसा." खारा वारा सुटला होता, घोडीखालचा मणी तिने नखाने किंचित खाली ओढला, दोनदा तार छेडली, आणि मगच आम्हाला पुढे जाऊ दिलं.

दिवे लागणीला खरा घोटाळा झाला. गावभरचे पंप आणि पंखे चालू झाले, माजघरातला बल्ब पिवळा पडला, आणि स्पीकरमधून घुर्र आवाज यायला लागला. गाणं थांबवलं तरी घुरघुर चालूच. स्विच फिरवला तर ती फक्त पहिल्या डब्यावर. भिंतीतल्या सॉकेटवर मीटर लावला: 180 व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवाल्या वीजपुरवठ्यात व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला बाहेर द्यायच्या व्होल्टेजपेक्षा थोडं जास्त आत लागतं. 230 चे 180 झाले की ती वरकड संपते आणि एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरची 100 हर्ट्झची लाट सरळ आवाजात शिरते. दुसऱ्या डब्यात मोबाईल चार्जरच्या जातीचा एसएमपीएस, तिसरा बाहेरच्या ॲडॉप्टरवर. दोन्ही 100 ते 240 मध्ये कुठेही चालतात. दिवसभर ज्याच्या वजनाचं कौतुक झालं, तोच तेवढा घुरघुरत बसला.

काकांनी इन्व्हर्टर सुचवला. त्यांचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा. त्यावर टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो, आवाज स्पीकरमधून नाही, डब्यातून येतो. ते लावून दाखवलं, तेव्हा आत्या हसत उठून स्वयंपाकघरात गेली.

मी सर्वो स्टॅबिलायझर लिहून दिला. शिवाय स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, लोखंडी कपाट शेजारच्या खोलीत सरकवलं, फरशीवर सतरंजी टाकली. उघड्या चिऱ्याच्या भिंती आणि गुळगुळीत टाईल; टाळी वाजवली तर ती तडतडत परत येत होती. या हलवाहलवीने झालेला फरक तिघांनाही पाठमोरं बसून कळला, कागद-पेन्सिल लागली नाही.

डॅकचा निकाल काकांनी दोन दिवसांनी फोनवर सांगितला. पहिला आणि तिसरा परत पाठवले, दुसरा ठेवला. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या रिमोटवरची अक्षरं मला चष्म्याशिवाय वाचता येतात."