वन्संच्या कपाटातली गोधडी

मंगळवार, रात्री

"वापरवतच नाही गं, इतकी देखणी झालीय," असं म्हणत वन्संनी कपाट उघडून दाखवलं. वरच्या कप्प्यात, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेली गोधडी. घडी मी घालून दिली होती तीच. दिवाळीपासून एकदाही उलगडलेली नाही. मी "बरं केलंत" म्हटलं, चहा घेतला आणि निघाले.

जयसिंगपूर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले होते. कौतुकच तर केलं त्यांनी, मग एवढं लागावं का? घरी आल्यावर स्वयंपाक केला, ह्यांना वाढलं, काही बोलले नाही. आता सगळे झोपलेत आणि मला झोप नाही.

माईंची, माझ्या सासूबाईंची लुगडी होती ती. दोन इरकली, एक चंद्रकळा, आणि रोजच्या वापरातली ती फिकट जांभळी, जिचा निऱ्यांजवळचा भाग पार विरला होता. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो ह्या कापडांशी ओळख करून घेण्यात. इरकलीचा तांबडा रंग सुटतो का हे आधी पाण्यात भिजवून बघितलं, शेजारच्या पांढऱ्यावर तो एकदा बसला की जात नाही. पदराचं रेशीम वेगळं काढलं, कारण धुण्यात ते सुताच्या आधी विरतं. जांभळं लुगडं नुसतं उजेडात धरलं तरी कळत होतं की वरच्या थराला ते टिकणार नाही. ते मधे घातलं. दिसत नाही, पण गोधडीचा सगळा मऊपणा त्याचाच आहे. वन्संना हे सांगितलंच नव्हतं. पांघरल्यावर आपसूक कळेल असं वाटलं होतं.

खाली अस्तराला अण्णांचं धोतर. जमिनीवर ताणून अंथरलं, कोपऱ्यांवर पाट आणि वरवंटा ठेवला, एकेक थर तळहाताने सारखा केला, लांब लांब कच्चे टाके घालून सगळं बांधून घेतलं. मग धावदोरा. क्विल्टिंगच्या पुस्तकांत सांगतात की मधून सुरुवात करा आणि कडेकडे या, म्हणजे सुरकुत्या बाहेर निघून जातात. आपल्याकडे बरोबर उलटं. कडेने पहिला फेर, मग त्याच्या आत दुसरा, चौकोनात चौकोन घेत मधोमध यायचं. ह्यात सुरकुती आत अडकायची भीती असते, म्हणून डावा हात सतत कापडावरून फिरता लागतो. मला हीच पद्धत आवडते. त्या हातालाच कळतं कुठे थर जाड आहे, कुठे शिवण खाली लपली आहे, कुठे सुईने जरा थांबायला हवं. दुसरं कुठलंही भरतकाम मला असं सगळ्या अंगाने करावं लागलेलं नाही. गुडघे दुखतात, ते दुखोत.

दोन ओळींत बोटभरच अंतर ठेवलं. हे मी नटवण्यासाठी केलं नव्हतं! विरळ टाक्यांची गोधडी दोनचारदा धुतली की आतले थर सरकतात, गोळे होतात. दाट धावदोऱ्याची दगडावर आपटली तरी जागची हलत नाही. म्हणजे त्या एकेका टाक्यात मी पुढचं धुणं धरलं होतं, दुपारचं वाळत घालणं धरलं होतं. आणि ती डांबराच्या गोळ्यांत पडून आहे.

मघापासून हाच विचार घोळतोय, की फुलांमुळे असं झालं का? चारी कोपऱ्यांना मी कवंदीसारखी फुलं लावली होती. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडच्या सिद्दी बायका शिवतात ती गोधडी म्हणजे कवंदी. पोर्तुगीजांनी ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गोव्यात आणलं, ती ही माणसं. रंगीत तुकड्यांच्या लहान लहान घड्या एकावर एक ठेवून त्या कोपऱ्यांना त्रिकोणी फुलं करतात, आणि फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. मला ते फार भावलं होतं, म्हणून चंद्रकळेच्या काळ्यावर इरकलीचं तांबडं ठेवून केली. फुलं नसती तर वन्संनी पांघरली असती का? पण सिद्दींच्या घरात तीच फुलं लावलेली कवंदी रोज अंथरतात, पांघरतात, लेकरं तिच्यावर लोळतात. देखणी वस्तू वापरायची नाही असं तिथे कुणाला वाटत नाही. मग फुलांना का दोष देऊ.

वर्षभर संध्याकाळी मी काय करत होते, हे कुणाला तरी अंगावर कळावं, एवढीच इच्छा होती. मान वळवून, डोळे बारीक करून, ट्यूबलाइटखाली. ह्या घरात मी जे जे केलं ते असंच कपाटात... नको. तो विषय आज नको. माईंच्या शेवटच्या महिन्याबद्दलही आज लिहीत नाही.

मघाशी उठून ते जीझ बेंडचं पुस्तक काढलं. अमेरिकेत अलाबामामध्ये नदीच्या वळणात वसलेलं ते लहानसं गाव, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या. जुने ओव्हरऑल, डेनिम, कॉर्डुरॉय, मिळेल ते. थंडीचे वारे आत येणाऱ्या घरांत पांघरायला केलेल्या. २००२ मध्ये त्यांचं ह्यूस्टनच्या संग्रहालयात प्रदर्शन झालं, मग न्यूयॉर्कला व्हिटनी संग्रहालयात, आणि २००६ मध्ये टपाल तिकिटंही निघाली. त्यांचा एक नमुना आहे 'हाउसटॉप'. मधे एक तुकडा, त्याच्याभोवती पट्ट्या, पुन्हा पट्ट्या, चौकोनाबाहेर चौकोन. आपला धावदोरा बाहेरून आत येतो, त्यांच्या पट्ट्या आतून बाहेर जातात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ह्यांना झोपेतून उठवून चित्र दाखवलं होतं.

आज मात्र मी मिझूरी पेटवे यांच्या गोधडीच्या पानावर थांबले. १९४२ साली नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या कामाच्या कपड्यांची ती शिवली. निळी, राखाडी, मळकट पांढरी, गुडघ्यांवरच्या खुणा तशाच ठेवून. त्याची आठवण राहावी आणि तिच्याखाली झोपता यावं, म्हणून. आज ती संग्रहालयात आहे. आधी हे वाचताना मला भिंतीचा राग यायचा. त्या बाईने अंगावर घ्यायला केली आणि तुम्ही टांगून ठेवलीत! पण रोज पांघरली जात राहिली असती तर आज ती उरली असती का? कामाच्या कपड्यांचं आधीच झिजलेलं कापड. पन्नास हिवाळ्यांत त्याच्या चिंध्या झाल्या असत्या.

वन्सं हेच करतायत. हे मला आत्ता लिहिताना कळतंय, बसमध्ये कळलं नव्हतं. गोधडी पांघरली की विरणार. एकेक फेर उसवणार, इरकलीचा काठ आधी फाटणार, मग जांभळं लुगडं वर यायला लागणार. त्यांना माई झिजायला नको आहेत. मला वाटत होतं माईंनी कुणाच्या तरी अंगावर झिजावं, जशा त्या जन्मभर झिजल्या. मी सून, त्या लेक. आम्हा दोघींना माई एकसारख्या कशा दिसतील? मी त्यांना राबताना पाहिलं, वन्संनी त्यांच्या कुशीत झोपून पाहिलं.

राग गेलाय असं नाही. पण आता तो वन्संवर नाही.

उद्या फोन करेन. पांघरा असं सांगणार नाही. एवढंच सांगेन की प्लॅस्टिकमधून काढा, सुती कापड कोंडून ठेवलं की त्याला दमटपणा धरतो. जुन्या सुती ओढणीत बांधा. दर दोनतीन महिन्यांनी उलगडून सावलीत वाऱ्याला टाका, आणि परत ठेवताना घडी दुसऱ्या जागी मोडा, नाहीतर त्याच रेषेवर कापड तुटतं. आणि जांभळ्या लुगड्याबद्दलही सांगेन. कुठे हात ठेवला की ते लागतं, ते.

चंद्रकळेचा अर्धा भाग अजून माझ्याकडे आहे, अण्णांच्या धोतराचाही तुकडा आहे. त्यातून वन्संसाठी पायांवर घ्यायची एक लहानशी करते. त्यांचे पाय थंडीत गार पडतात, दुपारी टीव्हीसमोर बसल्या की चोळत असतात. तीन थर पुरे. फुलं नाहीत, पट्ट्या नाहीत, वर नुसतं काळं, चहा सांडला तरी डाग दिसणार नाही असं. धावदोरा मात्र बोटभर अंतरानेच, कारण ही धुतली जाणार आहे.