पिवळा होता की लाल?

आज सिग्नलला थांबलो असताना शेजारचे दोघे वाद घालत होते. एक म्हणे, "अरे, मी निघालो तेव्हा पिवळाच होता!" निघालास कधी, हा प्रश्नच नाही. गाडीने थांबरेषा ओलांडली तेव्हा कोणता दिवा होता, ते बघतात. रेषा आधीच पार झाली आणि चौकाच्या मधोमध लाल लागला, तर बहुतेक ठिकाणी तो सिग्नल तोडणं नव्हे. चौक मोकळा करून निघायचं.

पिवळा म्हणजे 'पळा' हा आपला लाडका समज. रस्त्यावरच्या खुणा आणि सिग्नलांबद्दलचा १९६८चा आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करार उलटं सांगतो: थांबा, फक्त सुरक्षित थांबणं शक्यच नसेल इतके रेषेजवळ असाल तरच जा. पण पिवळ्यावर ब्रेक दाबला की मागून जो हॉर्न कोकलतो, त्याला हे कोण सांगणार?