इझोबेल मिल सापडली, पण भलत्याच घरात

मंडळी, गेल्या वेळी ‘आता इझोबेलचा नाद सोडला’ असं लिहिलं होतं. सुटला नाही, आणि बरंच झालं.

तिढा आठवत असेलच. सासूबाईंचे खापरपणजोबा जेम्स, स्कॉटलंडमधल्या किरीम्यूरचे हातमागवाले, 1887 साली डंडीत वारले. मृत्युनोंदीत वय 68, वडील डेव्हिड, आई इझोबेल मिल. किरीम्यूरच्या ओपीआरमध्ये (चर्च ऑफ स्कॉटलंडच्या, 1855आधीच्या बाप्तिस्मा-लग्नांच्या जुन्या वह्या) मात्र डेव्हिडचे जेम्स दोन: 1819चा, आई जीन लो, आणि 1822चा, आई ॲन स्मिथ. इझोबेलचं एकही मूल नाही. शिरगणतीत 1851ला वय 31 आणि 1861ला 41, म्हणजे 1819च्या आसपासचा. पण 1841ला 15! तेव्हा मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायचे. म्हणजे हा 15 ते 19मधला, 1822चा.

त्यात 1855ने दगा दिला. सरकारी नोंदणीच्या त्या पहिल्या वर्षीच्या जन्मनोंदीत आईबापाचं वय, जन्मगाव, लग्न कधी-कुठे, सगळं असतं. लिहिताना रजिस्ट्रार मंडळी जेरीस आली आणि पुढच्या वर्षी रकाने छाटले. सासूबाईंचे पणजोबा जन्मले फेब्रुवारी 1856मध्ये. पाच-सहा आठवड्यांनी हुकलं!

मग मी समजूत करून घेतली, की हे घर वेगळ्या चर्चचं असणार, म्हणून बाप्तिस्मा ओपीआरला नाही. त्यापायी दोन वर्षं गेली. स्कॉटलंडच्या नोंदींच्या साइटवर मूळ पान बघायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात; ते किती गेले ते नवऱ्याला सांगितलेलं नाही.

वाट सापडली ती जेम्सच्या बायकोमुळे. ही बाई 1887नंतर गायबच होती. स्कॉटलंडमध्ये विधवेची मृत्युनोंद माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही आडनावांनी शोधता येते. (आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलायचे, तिथे शोधणाऱ्याने कपाळावर हात मारावा.) तरी दोन्ही आडनावांनी शून्य. गेल्या रविवारी सहज ‘पेपर्स पास्ट’वर तिचं नाव टाकलं. न्यूझीलंडची जुनी वर्तमानपत्रं तिथे फुकट वाचता येतात, आणि शोधही झकास चालतो. 1896चं निधनवृत्त: ड्युनेडिनला, जावयाच्या घरी, डंडीच्या कै. जेम्सची विधवा. खाली ‘होम पेपर्स प्लीज कॉपी’, म्हणजे मायदेशीच्या वर्तमानपत्रांनीही हे छापावं. मी किंचाळलेच!

न्यूझीलंडची मृत्युनोंद मागवली. सर्टिफिकेट नाही, प्रिंटआउट. तोच घ्या, मूळ पान दिसतं. 1876नंतरच्या नोंदींत आईबापाची नावं, जन्मगाव, देशात किती वर्षं, हे सगळं येतं. बाईंचं जन्मगाव फॉरफर, वडील अलेक्झांडर, आई... इझोबेल मिल!

म्हणजे 1887मध्ये माहिती देणाऱ्या जावईबापूंनी सासऱ्याच्या आईच्या जागी सासूच्या आईचं नाव ठोकून दिलं. गंमत म्हणजे ड्युनेडिनच्या नोंदीतही माहिती देणारे हेच. त्यांच्यावर पुन्हा विश्वास कोण ठेवणार? म्हणून फॉरफरचा ओपीआर काढला. 1823चा बाप्तिस्मा, वडील अलेक्झांडर, आई इझोबेल मिल. हा माझ्या नजरेतून सुटला कसा? एका वर्गणीवाल्या साइटच्या सूचीत ‘मिल’चं ‘हिल’ झालंय. सूचीवर विसंबू नका, सहा क्रेडिट मोजा आणि मूळ पान बघा.

आता हे लिहिता लिहिता डोक्यात आलं. मुलींची नावं! स्कॉटिश रिवाजाने थोरलीला आईच्या आईचं नाव, दुसरीला वडिलांच्या आईचं. आपल्या जेम्सची थोरली इझोबेल आणि दुसरी... जीन. जीन लो! दोन वर्षं ही यादी माझ्या भिंतीवर चिकटवलेली आहे आणि मी ‘थोरलीचं नाव आजीवरून’ एवढ्यावरच खूश होते.

रिवाज म्हणजे पुरावा नव्हे, मान्य. त्या साइटवरच्या चौदा वंशवृक्षांत आपला जेम्स ॲन स्मिथचा मुलगा आहे. सगळे एकमेकांवरून उतरवलेले. तेव्हा या लेखात पुढे ड्युनेडिनच्या मुलीच्या लग्नाचं लिहिणार होते, ते राहू दे. आधी 1822च्या जेम्सला रीतसर मारायला हवं, म्हणजे तो आपला नव्हे हे सिद्ध करायला हवं. 1841चा तो पंधरा वर्षांचा पोरगा तोच असेल, तर 1851मध्ये दुसऱ्या कुठल्या तरी घरी सापडेल, आणि 1855नंतर वारला असेल तर नोंदीत आई ॲन स्मिथ दिसेल. जीन लोचा दुसरा एखादा मुलगाही तसाच शोधायचा.

क्रेडिट उरलेत 12. म्हणजे दोनच पानं.