गुहागरात पहिला नंबर

चिपळुणात बसून मी लोकांना वेबसाइट करून देते. गिऱ्हाईक बहुतेक कोकणातलंच: आंबेवाले, काजूवाले, एकदोन दातांचे डॉक्टर आणि बरेचसे घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करणारे. या शेवटच्या मंडळींचे फोन दिवाळीच्या आधी हमखास येतात. पाऊस ओसरलेला असतो, खोल्यांना रंग मारून झालेला असतो आणि पुण्या-मुंबईची माणसं सुट्टीचे बेत करायला लागलेली असतात.

गुहागरच्या काकांचा फोन त्याच सुमारास आला, पण सूर निराळा होता. "अगं, साइटवरचा फोन नंबर बरोबर आहे ना? जरा तपास. गुगलवर आपण पहिले येतोय, आणि फोन एक नाही."

नंबर बरोबर होता. चौकशीचा फॉर्मही चालत होता. मी भरून पाठवलेला काकांच्या मेलमध्ये लगेच पोचला. काकांचं समाधान झालं नाही. "तू येच शनिवारी. कंपनीचा मुलगाही येतोय. दोघं समोरासमोर बसा, काय तो निकाल लावू."

कंपनी म्हणजे पुण्यातली डिजिटल मार्केटिंगवाली. दरमहा ठरलेली रक्कम आणि त्या बदल्यात 'पहिल्या पानावर पहिला क्रमांक' अशी हमी. अशी हमी कोणी दिली की मी तिथेच कान टवकारते, कारण तो क्रमांक पैसे घेणाऱ्याच्या हातातच नसतो. काकांनी मात्र हमीचा कागद लॅमिनेट करून ठेवला होता.

शनिवारी ओटीवर बैठक बसली. मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, कडक इस्त्रीचा शर्ट, पहाटेच्या एसटीने आलेला. त्याने रंगीत छापलेला रिपोर्ट पुढे केला. पानापानावर सर्चचा स्क्रीनशॉट आणि प्रत्येकावर काकांच्या निवासाचं नाव सगळ्यात वर.

"आणि हे नुसतं कागदावर नाही हो," काका म्हणाले. "मी रोज बघतो." त्यांनी फोन काढला, माइकचं बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गुहागर घरगुती राहण्याची सोय." पहिलं नाव त्यांचंच.

"रोज बघता?"

"रोज. पूजा आटोपली की."

"आणि त्या नावावर बोट लावून साइट उघडता?"

"उघडतो की! चालू आहे का बघायला नको? यांनीच सांगितलंय, रोज तपासत जा म्हणून."

मुलगा रिपोर्टची पानं सारखी करायला लागला.

मी माझा फोन काढला. काकांच्या वायफायला मुद्दाम जोडला नाही, मोबाइल डेटाच ठेवला, लोकेशन बंद. काका बोलले होते तेच शब्द टाइप केले. काका आले, पण बरेच खाली. मग नुसतं 'जवळपास राहण्याची सोय' टाकून बघितलं, तर सगळी मुंबईतली हॉटेलं. मी पान शेवटपर्यंत सरकवलं आणि फोन काकांच्या हातात दिला. तळाशी बारीक अक्षरात जागेचं नाव असतं, तिथे कुणी जातच नाही. माझ्या फोनवर तिथे मुंबई लिहिलं होतं.

"तू तर इथे बसलीयेस," काका म्हणाले.

त्यांना सांगितलं, की लोकेशन बंद असलं तर सर्च आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, अंदाज बांधतो, आणि मोबाइल डेटाचा पत्ता बऱ्याचदा दूरच्या मोठ्या शहराच्या नावावर पडतो. कोकणात बसून मुंबईचं हवामान आणि मुंबईचं पेट्रोल आपण रोज बघतो ते त्यामुळेच.

आता मुलाला धीर आला. "सर, पर्सनलाइज्ड रिझल्टचा प्रश्न असेल तर इनकॉग्निटो करून बघू." त्याने काकांच्याच फोनवर ती काळी खिडकी उघडली आणि शोध टाकला. काका पहिले. मुलाच्या चेहऱ्यावर विजय दिसला. खोटं सांगत नाही, त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता.

"खाली जा," मी म्हटलं. तो सरकवत तळाला गेला. गुहागर, महाराष्ट्र.

इनकॉग्निटोबद्दलचा हा गैरसमज मला आठवड्यातून एकदा तरी निस्तरावा लागतो. त्या खिडकीत तुमच्या खात्याचा इतिहास मागे राहतो, जुन्या कुकी, म्हणजे साइटनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, मागे राहतात. तुम्ही बसलाय ती जागा मागे राहत नाही. आणि राहण्या-जेवण्याच्या, दवाखान्याच्या, किराणाच्या शोधात जागाच भारी पडते. स्थानिक निकाल कशावर ठरतात ते गुगलने स्वतःच मांडून ठेवलंय: शोधाशी किती जुळतं, किती अंतरावर आहे आणि किती नावाजलेलं आहे. यातलं अंतर काकांच्या ओटीवरून मोजलं तर शून्यच येणार.

मग रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. स्क्रीनशॉट सगळे खालून कापलेले. एकच पान कापायचं राहिलं होतं, त्यावर तळाशी तेच: गुहागर. मी मुलाकडे बघितलं. "टूलमध्ये टार्गेट लोकेशन क्लायंटचंच टाकायचं असतं, मॅडम. आम्हाला तसंच शिकवलंय." दुकान गुहागरात म्हणून लोकेशन गुहागर. गिऱ्हाईक कुठून येणार आहे हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्याच्यावर मला रागावता येईना.

काकांची पुतणी कोथरूडला असते. काकांनी तिला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि ओटीच्या मधोमध उभे राहिले. "गुहागरात राहायला यायचंय असं समज, आणि शोध." ती शोधणार तिच्या सवयीने, म्हणजे रोमन लिपीत 'गुहागर बीच होमस्टे'. वाचत गेली: एक बुकिंगवाली मोठी साइट, मग दुसरी, मग 'गुहागरातली दहा सर्वोत्तम हॉटेलं', मग एक रिसॉर्ट.

"खाली जा."

"गेले काका. दुसरं पान आलं."

"आणखी जा."

"तिसऱ्यावरही नाही हो."

काका खुर्चीत बसले. काकू आतून पन्हं घेऊन आल्या होत्या. काकांच्या फोनकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "दिवसभर यांना जाहिराती येतात, गुहागरात खोली घ्या म्हणून. त्या पलीकडच्या रिसॉर्टच्यासुद्धा! मी म्हटलं, घ्याच एकदा. मला तेवढाच दोन दिवस आराम." मुलगा इतका वेळ हसला नव्हता, तो हसला.

खरंच आहे ते. रोज सकाळी गुहागरात राहण्याची सोय शोधणारा माणूस म्हणजे जाहिरातवाल्यांच्या लेखी वर्षानुवर्षं खोली न मिळालेला प्रवासी.

काका मुंबईत बँकेत होते, हिशेबाचा माणूस. त्यांनी सरळ प्रश्न टाकला: "हे प्रत्येकाला वेगळं दाखवण्याचं कधी सुरू झालं? मला कोणी विचारलं होतं?"

सांगायला सोपं होतं. खातं असलेल्यांसाठी गुगलने हे २००५ मध्ये आणलं. ४ डिसेंबर २००९ ला ते खातं नसलेल्यांनाही लागू केलं. ब्राउझरमधल्या कुकीवरून मागच्या १८० दिवसांचे शोध बघून. नको असेल त्याने बंद करायचं, सुरुवात चालूपासूनच. ऑक्टोबर २०१७ पासून तर शेवटी 'डॉट को डॉट इन' लिहा की 'डॉट कॉम', तुम्ही जिथे आहात तिथलेच निकाल येतात. पुढे २०१८ मध्ये कंपनीचं म्हणणं असं, की जुन्या इतिहासाचा परिणाम अगदी थोडा, मुख्य फरक पडतो तो जागेचा आणि नुकत्याच केलेल्या आधीच्या शोधाचा.

"म्हणजे मी रोज बोट लावतो त्याने पहिला आलो, की इथे बसलोय म्हणून आलो?"

याचं उत्तर बाहेरच्या माणसाला देता येत नाही, मलाही नाही. त्यात तिसरी गोष्टही होती. काका मराठीत बोलून शोधत होते आणि त्या शब्दांवर स्पर्धाच कमी. साइट मी मराठीत केलेली. पण पुण्यातली मराठी माणसंसुद्धा शोधताना रोमन लिपीत शिरतात, हे पुतणीने नुकतंच दाखवलं होतं.

माझ्या धंद्यातला खरा वैताग इथेच आहे. गिऱ्हाईक विचारतं, आपण कितवे? आणि 'कितवे' असं काही उरलेलंच नाही. कोथरूडला कितवे, अंधेरीला कितवे, काकांच्या ओटीवर कितवे, सकाळी कितवे. पूर्वी यलो पेजेसच्या जाड पुस्तकात नाव कुठल्या पानावर आहे ते सगळ्यांना सारखं दिसायचं. हल्ली निकालांच्या तळाशी पर्सनलाइज न करता बघायची लिंक असते, ती दाबली तरी जागा सुटत नाही.

त्यातल्या त्यात विश्वासाचं म्हणजे गुगलचंच सर्च कन्सोल. फुकट आहे, साइटच्या मालकाला कधीही बघता येतं. कोणत्या शब्दांवर साइट किती वेळा दिसली, किती वेळा उघडली गेली आणि सरासरी कितव्या जागी होती, हे इतरांच्या पडद्यांवरचं मिळतं. काकांच्या निवासाचं नाव घालून शोधणाऱ्यांना साइट वरच दिसत होती. म्हणजे ज्यांना आधीच माहिती होतं त्यांना. रोमन लिपीतल्या 'गुहागर होमस्टे'वर सरासरी तिशीच्याही पुढे. मुलाने ते पान बराच वेळ वाचलं. त्यांच्या रिपोर्टात ते कधीच नसायचं.

काकांनी लॅमिनेटचा कागद मागवला आणि हमीतलं वाक्य मोठ्याने वाचलं. 'पहिल्या पानावर पहिला क्रमांक.' कुठे बसून बघितलं तर, हे त्यात नव्हतं. करार खोटाही ठरत नव्हता. काका मुलाला म्हणाले, पुढच्या महिन्याचे पैसे थांबवतो, वरच्यांना सांग, पुण्यात बसून पुण्यातला स्क्रीनशॉट पाठवा. तळ न कापता.

मी पाहुण्यांचे अभिप्राय, खोल्यांचे नवे फोटो आणि रोमन लिपीतलं एक पान अशी यादी करत होते. तेवढ्यात काकूंनी आतून पाहुण्यांची वही आणली. नाव, गाव, फोन, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, आणि सगळ्यात शेवटी काकूंनी स्वतः आखलेला रकाना: 'कुठून कळले'. त्या प्रत्येकाला विचारतात आणि लिहून ठेवतात. 'सांगलीच्या जोशींकडून.' 'रस्त्यावरची पाटी.' 'मागच्या वर्षी आलेले.' 'हेदवीला दर्शनाला आले, तिथून मॅपवर बघून.' हेदवी किंवा वेळणेश्वरहून मॅपवर बघून आलेले बरेच निघाले. दाभोळच्या फेरीबोटीतून उतरता उतरता शोधून आलेलेही होते. म्हणजे माणूस जवळ आला की काका त्याला दिसत होते; पुण्यात बसून बेत करणाऱ्याला नाही. वेबसाइट बघून आलेले दोघंतिघंच. मी वहीतून पटापट उतरवून घ्यायला लागले, साडेतीन वर्षांचं होतं.

मुलगाही पुढे सरकला. त्यानेही फोन काढला. "काकू, एक फोटो घेऊ का? ऑफिसात दाखवतो."

काकूंनी फोन नंबरांच्या रकान्यावर आडवा हात ठेवला. "हां, आता काढ."