छताखालचं वेल्डिंग

रेसची जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी लॅप टाइम विचारतो, म्हणजे ट्रॅकचा एक फेरा किती वेळात होतो ते. मला ते कधीच पटलेलं नाही. लॅप टाइम ड्रायव्हरचा असतो, तो गाडीबरोबर विकत मिळत नाही.

इचलकरंजीच्या एका सायझिंगवाल्या, म्हणजे मागाच्या सुताला खळ लावून देणाऱ्या शेठच्या पोराचं मन मात्र त्या टायमावरच बसलं होतं. पोरगं कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग करून, म्हणजे बुटक्या उघड्या गाड्या पळवून तयार झालेलं, आता त्याला छपराची गाडी हवी होती. कोइमतूरला एक मारुती एस्टीम विकायला निघाली होती, किंमत साडेतीन लाख. शेठ माझ्या गॅरेजवर आले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही चला संगट. मला गाडीतलं काय कळत न्हाई. पोराला कळतंय आसं त्याला वाटतंय."

एस्टीमला माझी ना नव्हती. १२९८ सीसीचं इंजिन, अंगानं हलकी, आणि २००७ साली बंद झाली तरी सामान अजून कुठे ना कुठे सापडतं. रस्त्यावरच्याच गाड्या बदलून पळवतात त्या आपल्याकडच्या टूरिंग कारच्या शर्यतींत ही गाडी वर्षानुवर्षं पळालेली आहे. आणि कोइमतूर म्हणजे या धंद्याचं माहेरच. मारुती ८०० च्या इंजिनावर एकसीटर रेसगाडी बांधणारे करिवर्धन तिथलेच. चेट्टिपाळयमचा कारी ट्रॅक त्यांच्याच नावाचा. तिथल्या गल्लीबोळांत रेसच्या गाड्या हाताळलेले मेकॅनिक भेटतात.

विकणारा तिशीतला, स्वतः दोन-तीन हंगाम तीच गाडी चालवलेला. माणूस सरळ वाटला. गाडी धुऊन पुसून शेडमध्ये लावलेली, शेजारी दोन सेट रिम, एक जास्तीचा गिअरबॉक्स, पेटीभर ब्रेक पॅड. पोरगं थेट सीटवर जाऊन बसलं. मी आधी इंजिन गरम करायला लावलं आणि कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब बघितला : १७८, १८०, १७६, १७९ पीएसआय. रेसच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदललेला असला तर हा आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, ते बघायचं. होते. मग बॉडी सरळ आहे का बघायला ओळंबा सोडून चारही चाकांच्या मधल्या खुणा जमिनीवर खडूनं उतरवल्या, दोन्ही तिरक्या मापांत तीन-चार मिलिमीटरचा फरक. ट्रॅकच्या कडेचे कर्ब चाटलेल्या गाडीला एवढं चालतं. दुसरा गिअर अलगद बसवणारा सिंक्रो गेलेला, पण जास्तीचा बॉक्स होताच. रेसच्या सीटबेल्टच्या, म्हणजे हार्नेसच्या लेबलवरची 'नॉट व्हॅलिड आफ्टर'ची तारीख उलटून गेलेली, म्हणजे तो नवा घ्यावा लागणार. पाच वर्षांनी तो बदलावाच लागतो, मग तो कितीही कोरा दिसो. हे सगळं किमतीत वळतं होण्यासारखं होतं.

उरला होता रोल केज, गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा. आम्ही त्याला पिंजराच म्हणतो.

पाइप बाहेरून ४५ मिलिमीटर. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यांत असलेल्या एका दोस्ताचं जाडी मोजायचं गेज मी बरोबर नेलं होतं, त्यात अडीच मिलिमीटर भरली. आंतरराष्ट्रीय नियमात मुख्य कमानीला सीमलेस, म्हणजे बिनजोड पाइपचं हेच माप चालतं. पायाखालच्या प्लेटा जाड आणि ऐसपैस. दरवाजाच्या आडव्या पाइपांचं वेल्डिंग तर सुरेख, नाण्यांची चवड आडवी पाडल्यासारखं. विकणाऱ्यानं त्यावरून हात फिरवला नि म्हणाला, "यह काम देखिए सर."

काम मी बघत होतोच, पण ते नव्हे. ड्रायव्हरच्या मागे उभी असलेली मुख्य कमान आणि विंडशील्डकडून छताच्या कडेनं मागे येणारा पाइप जिथे मिळतात, तो जोड छताला इतका चिकटून असतो की मध्ये जेमतेम दोन बोटं जातात. वेल्डिंगची टॉर्च तिथे शिरत नाही. ज्याला काम येतं तो फॅब्रिकेटर यासाठी फ्लोअरला कमानीच्या पायाखाली भोकं पाडतो, अख्खा पिंजरा खाली सोडतो, वरचे जोड चहूबाजूंनी भरतो, पिंजरा परत उचलतो आणि मग पायाखाली प्लेटा मारतो. काही जण सरळ छतच कापून काढतात. दोन्हीत दिवस मोडतात. ज्याला घाई असते तो खालून दिसेल तेवढं वेल्डिंग करतो, वरून रंग मारतो आणि फोम गुंडाळतो.

फोम गुंडाळलेलाच होता. मी टाय कापले, फोम सोडवला. खालून जोड झकास. मग दातांच्या डॉक्टरकडचा असतो तसला छोटा आरसा आणि बॅटरी वर सरकवली. आरशात पाइपची वरची बाजू दिसली. वेल्डिंग अर्ध्या गोलापर्यंत येऊन थांबलेलं, पुढे नुसती काळी रेघ, रंगानं अर्धवट बुजलेली. फट मोजायच्या फीलर गेजची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी लावली. थोडी अडली, रंग सुटला आणि पट्टी आत गेली. पलीकडच्या बाजूचा जोडही तसाच. मागच्या तिरक्या पाइपांचे जोड बघितले, तिथेही तीच गत.

गाडी उलटली की सगळा भार आधी याच जोडांवर येतो.

मी काहीच बोललो नाही, आरसा विकणाऱ्याच्या हातात दिला. तो आत वाकला. बराच वेळ वाकलेलाच. बाहेर आला तेव्हा घामाघूम. "दो साल मैंने इसी में चलाया है," एवढंच म्हणाला. पिंजरा त्यानंही पैसे मोजूनच बांधून घेतला होता, फसवायचं त्याच्या मनात नव्हतं याची मला खात्री आहे. शर्यतीआधी गाड्या तपासणाऱ्या स्क्रुटिनीवाल्यांच्याही नजरेतून सुटलं असणार. फोम बांधून रांगेत उभ्या असलेल्या गाडीत कोण आरसा घालून बसतो!

शेठनी मला बाजूला घेतलं. "घ्यायची का न्हाई, एवढंच सांगा."

"घ्या," म्हटलं, "पण गाडी म्हणून नको, सामान म्हणून. इंजिन, दोन बॉक्स, रिमा आणि सरळ बॉडी. पिंजऱ्याचे पैसे शून्य."

पोराचं तोंड उतरलं. पुढच्याच शर्यतीला एंट्री टाकायची होती त्याला. "काका, फोम बांधून एवढी एक रेस...?" शेठनी नुसतं बघितलं त्याच्याकडं. सायझिंगच्या बॉयलरवर उभं आयुष्य काढलेला माणूस, अर्धवट वेल्डिंग म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत असणार.

दोन लाख दहा हजाराला सौदा ठरला. विकणाऱ्यानं घासाघीस केली नाही, उलट ब्रेक पॅडची पेटी वरकड दिली. अशा गाडीला सहसा रस्त्याची कागदपत्रं नसतात, ती चालवत आणायचा प्रश्नच नव्हता. ट्रकवर चढवून कोल्हापूरला आणली. पिंजऱ्याचे पाय कापले, फ्लोअर उघडला, पिंजरा खाली सोडला आणि वरचे जोड पार घासून नव्यानं भरले. बिल पाहून शेठ कुरकुरले नाहीत. पोरगं मात्र हंगाम हुकला म्हणून तोंड फुगवून होतं.

मध्यंतरी कोइमतूरहून त्या विकणाऱ्याचा फोन आला. त्याच्या मित्राच्या गाडीचा पिंजराही त्याच फॅब्रिकेटरचा होता. यानं बाजारातून आरसा आणून बघितला, तर तीच काळी रेघ. पिंजरा खाली कसा सोडायचा, पाय कुठे कापायचे, ते मी फोनवर सांगितलं. आणखी कुणाकुणाच्या गाड्या तिथे झाल्यात याची तो यादी करायला बसला होता. बोलता बोलताच त्यात एक नाव वाढलं.