मापावरची धार

आयर्लंडच्या खेड्यांत दूध मोजून झालं की भांड्यात आणखी एक धार सोडायचे. तिचं नाव टिली. ‘आणखी’ या अर्थाच्या आयरिश शब्दावरून आलेलं. आपल्याकडच्या वरच्या धारेची सख्खी बहीणच.

वाण्याकडे ही धार वहीत असे. वासरू किंवा डुक्कर बाजारात विकलं गेलं की रोकड येणार; तोवर चहा, साखर, घासलेट सगळं खात्यावर. घरधनीण दर आठवड्याला अंडी आणायची, वाणी डझन मोजून तेवढी उधारी वळती करायचा. गोची हिवाळ्यात. दिवस लहान झाले की कोंबड्या अंडी घालणं कमी करतात आणि दिव्याला घासलेट मात्र जास्त लागतं. नेमकी तेव्हाच बाकी चढे. भला वाणी वसंतापर्यंत तिचा विषय काढत नसे. वर नाताळला नेहमीच्या गिऱ्हाइकांना बेदाण्यांचा पाव नाहीतर खिडकीत लावायची मोठी मेणबत्ती द्यायचा. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढू नये, हाही त्यात हिशेब होताच, असेना का!

हिशेब शाळेतही कमी छळत नसे. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, वजनात १४ पौंडांचा स्टोन. सवयीनं दहाचा हातचा घेतला की बेरीज गेलीच. १९७१ च्या फेब्रुवारीत दशमान नाणी आली तेव्हा कुठे पोरं सुटली.

शाळेच्या चुलीसाठी मुलं घरून पीटचं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचं, एकेक ढेकूळ काखेत घेऊन येत. ओलं निघालं तर वर्गभर धूर. दुधाच्या बाटल्या शेकायला चुलीपाशी मांडायच्या, पण बूच सैल करून; विसरलं की बाटली फुटून दूध राखेत.

१९३७ ते १९३९ मध्ये सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून गावगोष्टी वह्यांत उतरवल्या. खरेदी-विक्री आणि जुन्या शाळा हे दोन्ही विषय त्यांना नेमून दिले होते.

पिठाची रिकामी पोतीही वाया जात नसत. चार पोती उसवून जोडली की एक चादर व्हायची. छापाची शाई मात्र सहजी निघत नसे. कितीदा उकळलं तरी गिरणीचं नाव अंगाखाली राहायचंच.